काटे हलले पाहिजेत

"काका, थांबवा! अहो, जळतंय काहीतरी!"

मागच्या बाकावरची बाई तिसऱ्यांदा ओरडली, तेव्हा कुठं शेजारी बसलेल्या माणसानं रेनेरिओच्या दंडाला हिसका दिला. रेनेरिओनं आधी त्याच्याकडे रागानं पाहिलं आणि मग समोर. बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळत होती. त्यानं गाडी कडेला घेतली, खाली उतरला, फडक्यानं बॉनेट उचललं आणि चेहरा बाजूला वळवला. पाणी संपलं होतं. एक नळी फुटून तिच्या चिंध्या झाल्या होत्या.

"इतकं खदखदत होतं," बाई उतरता उतरता म्हणाली. "मागं बसून आम्हाला ऐकू येतंय, आणि तुम्हाला नाही?"

"ऐकलं मी," रेनेरिओ म्हणाला. "पुढं सावलीत थांबवणार होतो."

पुढं सावली नव्हती. डाव्या हाताला मातान्सासचा उपसागर उन्हात चकाकत होता आणि उजव्या हाताला नुसतं गवत. कार्देनास अजून बरंच लांब होतं. प्रवासी मागून येणाऱ्या दुसऱ्या टॅक्सीत दाटीवाटीनं बसून निघून गेले. रेनेरिओ नळी बांधत एकटाच राहिला. नळी फुटण्याचं त्याला काही नव्हतं, नळ्या फुटतातच. पण इंजिन मरणाच्या दारात उभं राहून बोंबलत होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

त्याच्यासारख्या माणसावर ही वेळ यावी! साऱ्या टॅक्सीतळावर रेनेरिओचे कान प्रसिद्ध होते. कुणाच्या गाडीत खोट असली की ती आधी त्याच्याकडे आणायचे. तो बॉनेटवर मान कलती करून उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "तिसरा सिलिंडर," किंवा "पट्टा सैल झालाय, इंजिनला हात लावू नको." तो चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आयुष्यात त्याच्या नावावर दुसरं काही नव्हतं. शिक्षण बेताचं, बोलणं बेताचं, नाचायला उठला तर बायकोला, मिग्दालियालाही लाज वाटायची. पण कान होते.

गाडी होती पिस्त्याच्या रंगाची, १९५३ची शेवरोलेट, सासऱ्यांकडून आलेली. तिचं मूळचं पेट्रोलचं इंजिन थकलं, तेव्हा त्यानं एका मोडीत निघालेल्या कोरियन व्हॅनचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. बसवताना डॅशबोर्डच्या डायलना जाणाऱ्या नळ्या आणि तारा आड आल्या, त्या त्यानं सरळ कापून टाकल्या. पाणी, तेल, वीज, इंधन असे चारही काटे तेव्हापासून मेले. कुणी विचारलं तर तो हसायचा. "काटे कशाला हवेत? हिचं माझं बोलणं आहे."

ते बोलणं गेल्या वर्षापासून कमी होत गेलं होतं. आधी पट्ट्याची चिरचिर गेली. मग झडपांची टकटक गेली. आता उरला होता एक जाडसर घरघराट, लांब कुठंतरी गिरणी चालू असावी तसा. पॉलिक्लिनिकमधल्या डॉक्टरांनी कानात नळी घालून पाहिलं होतं. आयुष्यभर डिझेलच्या डोक्यावर बसल्याचं हे फळ आहे, म्हणाल्या, गेलेलं परत यायचं नाही. कानातल्या यंत्रासाठी त्यांनी त्याचं नाव घेतलं होतं, पण यंत्रं कधी येतील ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. हे त्यानं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून त्याला चैन नव्हती. दर चार-पाच मैलांवर तो गाडी थांबवायचा, बॉनेट उघडायचा, इंजिनवर हात ठेवून बघायचा. प्रवासी वैतागायचे. जेवताना तो मध्येच उठून गाडीखाली वाकून यायचा. झोपेतही त्याचे पाय हलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डॅशबोर्डचा अख्खा डायलचा संच स्क्रू काढून मोकळा केला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि पुएब्लो नुएवो वस्तीतल्या नेरेइदाच्या दारात जाऊन उभा राहिला.

नेरेइदा साखर कारखान्यात होती. बॉयलरचे दाबमापक, तापमापक, जे काही गोल आणि काचेखाली होतं ते सगळं तिच्या हाताखालून जायचं. कारखाना बंद पडला, भट्टीच्या चिमण्यांवर वेली चढल्या, आणि नेरेइदा घरी बसून लोकांची घड्याळं, शिलाईयंत्रं, प्रेशर कुकर दुरुस्त करू लागली. ती आणि रेनेरिओ एकाच शाळेत होते.

"हे काय आणलंस? मेलेलं मांजर?"

"डायल आहेत. चारही चालू करून दे."

नेरेइदानं टॉवेल उलगडला आणि चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. "अरे देवा. तू? साऱ्या गावाला सांगत फिरतोस, मला काटे लागत नाहीत म्हणून."

"एक परदेशी माणूस आहे," रेनेरिओ म्हणाला. हे त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं. "त्याला फोटो काढायचेत. त्याला सगळं मूळचं हवंय. काटे हलले पाहिजेत, म्हणाला."

"हलल्यासारखे दाखवायचेत, की खरे हलायला हवेत?"

"खरे."

तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कॉफी ठेवली.

काम सोपं नव्हतं. पाण्याच्या डायलला एक केसासारखी बारीक तांब्याची नळी होती, तिच्या टोकाला इंजिनात बुडणारी कुपी, आणि कुपीत ईथर. पाणी तापलं की ईथर फुगायचं आणि काटा ढकलायचं. ती नळी रेनेरिओनंच पक्कड लावून तोडली होती.

"एवढी नाजूक वस्तू," नेरेइदा म्हणाली, "आणि तू दोरी कापावी तशी कापलीस."

"तेव्हा घाई होती."

"तुला कधी नव्हती?"

तेलाच्या डायलवर आकडे तीसपर्यंतच होते. जुन्या इंजिनला तेवढा दाब पुरायचा. व्हॅनच्या इंजिनचा दाब त्याच्या दुप्पट. जोडला असता तर काटा पहिल्याच दिवशी शेवटाला जाऊन वाकला असता. नेरेइदानं एका ट्रॅक्टरच्या दाबमापकाचं पोट काढलं आणि ते या जुन्या चेहऱ्यामागं बसवलं. "आता जो आकडा दिसेल त्याची दुप्पट धर," ती म्हणाली. इंजिनला नळी जोडायची तर आटे जुळेनात, अमेरिकेचे वेगळे आणि कोरियाचे वेगळे. मग तिनं पितळी नळाचा एक तुकडा कानशीनं घासून दोघांच्या मध्ये बसेल असा केला. इंधनाचा डायल सहा व्होल्टवर चालणारा, गाडीची वीज आता बारा व्होल्टची. त्याच्या वाटेत तिनं जुन्या इस्त्रीतली तार गुंडाळून बसवली. विजेच्या डायलला नवा डायनामो झेपत नव्हता, तर सगळी वीज त्यातून न नेता थोडीच वळवली.

रेनेरिओ रोज फेऱ्या संपवून यायचा आणि तिच्या ओसरीवर येरझाऱ्या घालायचा. बस म्हटलं तरी बसायचा नाही. स्क्रू उचलायचा, ठेवायचा, परत उचलायचा.

"तू माझं डोकं फिरवणार आहेस," नेरेइदा म्हणायची. "जा, समोरून उसाचा रस पिऊन ये."

पाण्याच्या डायलचा दिवस ठरला तो बर्फावर अवलंबून. एका जुन्या तापमापकाची भरलेली कुपी तिच्याकडे होती. ती बर्फ-मिठात बुडवायची, म्हणजे सगळं ईथर गारठून कुपीत उतरतं. मग तिची नळी कापायची, या जुन्या डायलच्या नळीला जोडायची आणि ईथर जागं व्हायच्या आत डाख द्यायचा. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याकडून रेनेरिओ बादलीभर बर्फ घेऊन पळत आला. आणि नेमकी वीज गेली.

"झालं!" नेरेइदा म्हणाली. "डाख कशानं देऊ, जिभेनं?"

"कोळसा आहे?"

"मागं आहे. पण जाळ इकडं आणू नकोस, बाबा. ईथर आहे. तू, मी आणि ओसरी, तिघंही कार्देनासला जाऊ, तेही गाडीशिवाय."

त्यानं परसात शेगडी पेटवली आणि तांब्याचं डोकं असलेली जुनी सळई लाल होईतो धरली. इकडं बर्फ वितळत होता. तो सळई घेऊन धावत आला. तिनं नळी कापली, तांब्याची इवलीशी बाही सरकवली, सळई टेकवली. गरम धातूचा वास आला. कथील चांदीच्या थेंबासारखं फिरलं आणि थिजलं. दोघंही श्वास धरून उभे होते. मग तिनं कुपी बर्फातून काढून आपल्या मुठीत धरली.

काटा हलला. अगदी जरासा. मेलेल्या माणसानं पापणी हलवावी तसा.

रेनेरिओ खाली बसला. त्या ओसरीवर तो पहिल्यांदाच बसला.

नेरेइदा त्याच्या पाठीमागं होती. तिनं काहीतरी विचारलं असावं. त्याला कळलं नाही, तो काट्याकडेच बघत होता. मग तिनं एक पाना उचलला आणि फरशीवर टाकला. शेजारच्या अंगणातलं कुत्रं भुंकत उठलं. रेनेरिओची मानही वळली नाही.

तिनं पाना उचलून जागेवर ठेवला. मग आत गेली आणि नखं रंगवायची लाल बाटली घेऊन आली. पाण्याच्या डायलवर, काटा जिथं जाता कामा नये तिथं, तिनं चांगला जाड लाल पट्टा ओढला. तेलाच्या डायलवर दुसरा.

"हे काय? एवढं मोठं?" रेनेरिओ म्हणाला. "त्याला मूळचं हवंय म्हटलं ना मी."

नेरेइदा त्याच्या समोर आली, गुडघ्यांवर हात टेकून वाकली, आणि ओठ नीट हलवत बोलली. "परदेशी माणूस वगैरे कुणी नाही, रेनेरिओ. काटा तुला इंजिनचं सांगेल. रस्त्याचं नाही सांगणार."

त्याचा चेहरा तापला. "तुला काय म्हणायचंय?"

"तुला कळलंय."

"मी तुझ्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय!"

"आपण एका वर्गात होतो, गाढवा."

त्यानं डायल टॉवेलात गुंडाळले, आभारसुद्धा न मानता निघाला. फाटकाशी थांबला, पण वळला नाही.

संच बसवायला सबंध रविवार गेला. मुलगी यानेलीस, जी बेकरीत कामाला होती आणि जिला त्यानं स्वतः गाडी शिकवली होती, तिनं पाठीवर झोपून डॅशखालून नळ्या ओढून दिल्या. सुरू केल्यावर तेलाचा काटा ताडकन उठला. विजेचा थोडा थरथरून स्थिरावला. पाण्याचा काटा आस्ते आस्ते चढत मधल्या रेघेवर येऊन थांबला. काचेमागचा बारका दिवाही लागला. यानेलीसनं टाळ्या वाजवल्या, त्या त्याला दिसल्या.

पुढचे काही दिवस तो वेगळाच माणूस होता. बॉनेट उघडणं बंद. थांबणं बंद. तळावरचे लोक खिडकीतून डोकं घालून बघून गेले. "सगळ्या गावात एवढंच डॅश जिवंत आहे," एकजण म्हणाला. रेनेरिओ मान डोलवायचा. फक्त नजर त्याची सारखी खाली जायची. पाणी, तेल, वीज, परत पाणी. रस्त्याकडे जरा, काट्याकडे जरा. पूर्वी इंजिन आपणहून बोलायचं, आता त्याला सतत विचारावं लागत होतं, आणि विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

गुरुवारी दुपारी गाडी भरलेली होती. पुढं त्याच्या शेजारी मासे विकणारी एक जाडजूड बाई मांडीवर रिकामी पाटी घेऊन बसली होती. कार्देनासच्या अलीकडे रूळ आडवे जातात. तिथं फाटक नाही, दोन्हीकडे उंच ऊस आहे. गाड्या थांबून कानोसा घेतात आणि मग जातात. रेनेरिओनंही वेग कमी केला. मग पाण्याचा काटा रेघेच्या किंचित वर वाटला म्हणून त्यानं खाली पाहिलं. काटा वर नव्हता. उजेडामुळं तसं वाटलं. त्याला हायसं वाटलं आणि त्यानं अॅक्सिलरेटर दाबला.

मासेवालीनं पाटी फेकली, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि सगळं अंग त्यावर टाकलं. गाडी उजवीकडे वळली, गवतात घुसली, खड्ड्याच्या काठाशी आचका देऊन बंद पडली.

समोरून मालगाडी गेली. एवढी जवळून, की डब्यांवरचा गंज दिसत होता. शिट्टी वाजतच होती, हे त्याला मागच्या लोकांनी कानांवर ठेवलेल्या हातांवरून कळलं. त्याच्यापर्यंत आला तो फक्त बाकातून चढणारा कंप. डबे जात राहिले. त्यानं डॅशकडे पाहिलं. पाणी ठीक. वीज ठीक. इंजिन बंद पडलं होतं म्हणून तेलाचा काटा हळूहळू शून्यावर उतरत होता, जसा उतरायला हवा अगदी तसा.

मागची माणसं उतरली. कुणी शिव्या देत होतं, कुणी रडत होतं. मासेवाली मात्र बसून राहिली. तिच्या मनगटाची सालटी निघाली होती. ती त्याच्याकडे वळली आणि काहीतरी बोलली.

"काय?"

तिनं त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला, आई मुलाचा वळवते तसा.

"ऐकू येत नाही ना, काका?"

रेनेरिओनं आजवर हे कुणापुढं कबूल केलं नव्हतं.

"नाही," तो म्हणाला. "नाही येत."

रिकामी गाडी घेऊन तो गावाकडे परतला. एवढ्या हळू तो कधी चालवत आला नव्हता. प्रत्येक वळणावर थांबून दोन्हीकडे मान वळवत होता, मागचे ड्रायव्हर खिडकीतून हात नाचवत पुढं जात होते. घरासमोर आल्यावरही तो बराच वेळ उतरला नाही.

मिग्दालिया टेबलाशी काळे घेवडे निवडत होती. तो समोर जाऊन उभा राहिला.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. फार मोठ्यानं म्हणाला असावा, कारण ती दचकली. "वर्ष झालं. डॉक्टरांना माहीत आहे. नेरेइदाला माहीत आहे. आज मी सहा जणांना आगगाडीखाली घालत होतो."

मिग्दालियाच्या हातातले घेवडे ताटात परत पडले. तिचे डोळे मोठे झाले, मग ते भरले, आणि मग काही तिसरंच झालं. तिला हसू फुटलं. मांडीवरची टरफलं उडवत, टेबलाला धरून ती हसायला लागली.

"हसतेस काय?"

तिनं त्याला हातानं ओढून शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणलं. "मागच्या शनिवारपासून मी तुझ्याशी एक शब्द बोललेली नाही. एकही नाही."

"का?"

"भांडले होते मी तुझ्याशी! बहिणीकडे जायचं का म्हणून तीनदा विचारलं, तू खिडकीबाहेर बघत बसलास. म्हटलं ठीक आहे, आता बघतेच कधी विचारतो ते. आठवडा होत आला. ताट आपटते, दार आपटते, आणि तू आपला खुशाल जेवतोयस. मला वाटलं, दुसरी बाई आहे."

"मला?"

"तेच तर यानेलीस म्हणाली. बाबाला कोण घेतंय!"

मग तोही हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला. तिनं त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. ती काहीतरी बोलत होती. शब्द त्याला कळत नव्हते, पण तिच्या गळ्याची थरथर गालाला लागत होती. त्यानं विचारलं नाही.

गाडी विकायची नाही, हे मिग्दालियानं ठरवलं. चालवायची कुणी, हे यानेलीसनं. "बेकरीत पहाटे तीनला उठते मी," ती म्हणाली. "इथं निदान खिडकी तरी आहे." पहिल्या दिवशी रेनेरिओ तिच्या शेजारी बसून गेला आणि दर मिनिटाला म्हणत राहिला, "पाणी बघ, तेल बघ." परत आल्यावर तिनं गाडी थांबवून त्याच्याकडे पूर्ण वळून सांगितलं, "बाबा, तू शेजारी असलास की मला काटे दिसत नाहीत, तूच दिसतोस. उद्यापासून खाली राहा."

त्याला राग आला. दोन दिवस तो घरातल्या घरात फिरत राहिला. नळ दुरुस्त केला, मग चांगला असलेलाही नळ खोलून बसला. नेरेइदाकडे जाऊन तिच्यापुढं केळ्यांचा घड ठेवून आला. तिनं दारातून त्याला हात केला. तिसऱ्या दिवशी मिग्दालियानंच त्याला टोपी दिली आणि घराबाहेर काढलं.

आता तो तळावर उभा असतो. कुठली टॅक्सी कुठं जाणार हे ओरडून सांगायचं, माणसं गोळा करायची, गाडी भरून द्यायची. या कामाला आवाज लागतो, आणि आपला आवाज किती मोठा निघतो हे कळत नसल्यामुळं त्याचा जवळच्या पुलापलीकडे जातो. "कार्देनास! कार्देनास! दोघांची जागा, या मावशी, पाटी मागं ठेवा!" लोक हसतात आणि येतात. कुणी काही विचारलं तर तो त्यांच्या ओठांकडे बघतो, आणि नाहीच कळलं तर सरळ सांगतो, "माझ्याकडे बघून बोला, मला ऐकू येत नाही."

सकाळी पिस्त्याच्या रंगाची गाडी रांगेत पहिली लागली की तो बाकीच्यांपेक्षा तिच्यासाठी जरा जास्त वेळ घेतो. आजही शेवटचा प्रवासी बसला, दार लागलं. यानेलीसनं किल्ली फिरवली. रेनेरिओनं बॉनेटवर तळवा ठेवला. पत्रा आधी गार होता, मग त्यात एक बारीक, सारखी थरथर आली. त्यानं मान कलती केली. तिसऱ्या सिलिंडरपाशी काहीतरी किंचित अडखळत होतं, किंवा त्याला तसं वाटलं. त्यानं मुलीकडे पाहिलं. ती डॅशवर नजर टाकून त्याच्याकडे बघून हसली आणि आरसा नीट करू लागली.

त्यानं तिला निघायची खूण केली. पत्रा त्याच्या हाताखालून आस्ते सरकत गेला, आधी बॉनेट, मग दाराची कड, मग मागचा मडगार्ड. हात हवेत राहिला. मग रेनेरिओ रांगेतल्या पुढच्या, दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीकडे वळला आणि छाती भरून ओरडला, "कार्देनास!"